‘ती घरीच तर असते’

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार, वय ४४. वडिलांना (आबा, वय ७४) आषाढात पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ बंद. मिरजेला ॲडमिट होते, मग डॉक्टर म्हणाले आता घरी न्या, घरीच सेवा करा. लघवीची नळी आहे, बाकी डायपर. सगळं बायको बघते, ती घरीच तर असते. पूर्वी ब्लाउज शिवायची, आता मशीन बंद आहे. मोठा भाऊ चाकणला कंपनीत आहे, पैसे पाठवतो. बहीण विट्याला दिली आहे, ती रविवारी येते आणि आबांची पाठ लाल झाली म्हणून बायकोला बोलून जाते. माझी छाटणी झाली, फवारण्या सुरू आहेत, मला सवड नाही. अलीकडे बायको फार चिडचिड करते. परवा आबांवर ओरडली आणि मग स्वयंपाकघरात रडत बसली. कंबर दुखते म्हणते, माहेरी जाते म्हणते. गावात लोक तिला नावाजतात, पण तिला ते गोड लागत नाही. तिची समजूत कशी काढू? वृद्धाश्रमाचं बघू का? आणि एका गावात लकव्यावर झाडपाल्याचं औषध देतात, ते सुरू करावं का?
— म., तासगाव तालुका

म. दादा,

पत्रात तुम्ही काही लपवलं नाहीत, बायको रडत बसली हेसुद्धा लिहिलंत. म्हणून मीही आडपडदा ठेवत नाही. वहिनींची समजूत काढायच्या भानगडीत पडू नका. त्या चिडतात ते बरोबरच चिडतात.

तुमच्या पत्रात आबांचं वय आहे, तुमचं वय आहे, भावाची कंपनी आहे, बहिणीचं सासर आहे. वहिनींचं वय कुठेच नाही. त्या रात्री किती झोपतात ते नाही. आबांना मिरजेहून घरी आणायचं ठरलं तेव्हा त्यांना कुणी विचारलं होतं का, तेही नाही. बहुतेक विचारलं नसणार. आपल्याकडे हे विचारायची पद्धतच नाही. डॉक्टर मुलाला सांगतात, मुलगा भावाला फोन करतो, गाडी ठरते, आणि घरी पोचल्यावर सुनेला कळतं की आजपासून हे काम आपलं.

‘घरी न्या’ म्हणजे काय झालं, ते जरा उलगडून बघा. आबा वॉर्डात होते तेव्हा त्यांच्यामागे तीन पाळ्यांतल्या सिस्टर होत्या, उचलायला वॉर्डबॉय मामा होते, साफसफाईला मावशी होत्या, हातपाय हलवून घ्यायला फिजिओथेरपिस्ट होता, डॉक्टरांचा राउंड होता. डिस्चार्ज कार्डावर सही झाली आणि एवढ्या माणसांचं काम एका बाईच्या अंगावर पडलं. तिला साप्ताहिक सुटी नाही, रात्रपाळीनंतर बदली नाही, आणि हे काम करायचं कसं हे तिला कुणी धड दाखवलेलंही नाही. कार्डावर गोळ्यांची यादी असते, खाली ‘फिजिओथेरपी’ एवढा एक शब्द असतो. कुशीवर कसं वळवायचं, पिशवी कशी रिकामी करायची, घास गिळताना ठसका लागला तर काय करायचं, यातलं काहीच त्यावर नसतं.

खरं तर वॉर्डातही निम्मं काम नातेवाईकच करत होते. आठवा जरा. सलाईन संपत आलं की सिस्टरला हाक कोण मारत होतं? रक्ताची बाटली लॅबमध्ये कोण नेत होतं? स्ट्रेचरला दुसऱ्या बाजूने हात कोण लावत होतं? मी आयुष्य वॉर्डात काढलंय. एका सिस्टरकडे इतके पेशंट असतात की नातेवाईक नसेल तर तो वॉर्ड चालायचाच नाही. वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल काढलं, आज गल्लोगल्ली दवाखाने आहेत, कोकणातून आणि कर्नाटकातून पेशंट येतात, आणि एकटा कुणी येत नाही. ‘पेशंटजवळ एक जण पाहिजे’ ही आपल्या सगळ्या आरोग्यव्यवस्थेची न लिहिलेली पहिली अट आहे. तो ‘एक जण’ कुठल्याच पगारपत्रकावर नसतो आणि बहुतेक वेळा बाई असते.

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात हे आकड्यांत आलंय. १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के बायका रोज घरातल्या कुणाची तरी काळजी घेण्यात वेळ घालवतात, पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के. घालवलेला वेळ बायकांचा दिवसाला सुमारे १४० मिनिटं, पुरुषांचा ७४. यात लहान मुलांचं करणंही आलं. आणि स्वयंपाक-धुणी-भांडी यात धरलेली नाहीत, ती वेगळी. अंथरुणाला खिळलेला माणूस ज्या घरात आहे, त्या घराला १४० मिनिटं सकाळी दहापर्यंतच संपतात.

आता तुमचं ते वाक्य. ‘ती घरीच तर असते.’ दादा, हे तुम्हीच म्हणता असं नाही, मोठमोठी सरकारं म्हणून बसली आहेत. ब्रिटनमध्ये १९७६ साली आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला. त्यातून लग्न झालेल्या बायकांना वगळलं होतं. कारण काय, तर त्या एरवीही घरीच असणार. मँचेस्टरकडच्या जॅकी ड्रेक नावाच्या बाईने आईसाठी नोकरी सोडली होती. तिने दावा लावला, तो युरोपच्या न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८६ साली तो नियम बदलावा लागला. तुमच्या घरातलं तर त्याहून सरळ आहे. वहिनी घरी ‘असत’ नव्हत्या, घरी बसून कमावत होत्या. मशीन बंद आहे हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. दिवाळीच्या तोंडावर ब्लाउजचं काम किती येतं ते त्यांना विचारा. ते पैसे गेले, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, चार बायका माप द्यायला येऊन बसायच्या तेही गेलं.

आपल्याकडे घरातल्या बाईच्या कामाचं मोल न्यायालयात लावतात, पण ती मेल्यावर. जमशेदपूरच्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली होती, नुकसानभरपाई काढण्यासाठी. जिवंतपणी हा हिशोब कुणी मांडत नाही. तुम्ही मांडा. घरी सेवेला माणसं पुरवणाऱ्या सांगली-मिरजेच्या एखाद्या नर्सिंग ब्युरोला फोन करा. पॅरालिसिसचा पेशंट आहे, लघवीची नळी आहे, डायपर आहे, चोवीस तासांचा माणूस हवाय, महिन्याचे किती, एवढंच विचारा. सांगितलेला आकडा कागदावर लिहा आणि भाऊ दर महिन्याला पाठवतो तो आकडा शेजारी लिहा. मला वाटतं, ‘मी पैसे पाठवतोच की’ हे वाक्य त्यानंतर घरात फारसं ऐकू येणार नाही.

कायद्याचंही सांगते, भांडायला नव्हे, माहीत असावं म्हणून. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. त्यात आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर आहे, आणि निर्वाहात औषधोपचार येतात. सून त्या व्याख्येत नाही. म्हणजे आबांची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर, चाकणच्या भावावर आणि विट्याच्या बहिणीवर, तिघांवर आहे. ज्या चौथ्या माणसावर ती नाही, ती व्यक्ती आज सगळं करतेय. बहिणीला हे नीट शब्दांत तुम्ही सांगायचं, वहिनींनी नाही.

आता एक नाजूक गोष्ट. वहिनी आजवर आबांसमोर पदर सावरून वावरल्या असतील. त्या सासऱ्याचं डायपर बदलणं, अंग पुसणं त्यांच्या वाट्याला आलंय. त्यांना त्याचं काय वाटतं हे त्या तुमच्याजवळ बोलणार नाहीत. आणि आबांना काय वाटतं? उजवी बाजू गेली की पुष्कळदा बोलणं जातं, कारण मेंदूचा डावा भाग दुखावलेला असतो. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नव्हे. सून धुवायला आली की आबा तोंड फिरवत असतील, हात झटकत असतील, तर त्याला हट्टीपणा म्हणू नका. त्यांना लाज वाटत असेल. हे काम मुलाचं आहे. पहाटे फवारणी असते हे मला कळतं, डावणी रोगाच्या दिवसांत बाग टाकून बसता येत नाही तेही कळतं. पण पंप धुऊन आल्यावर सकाळचं धुणं-पुसणं तुमचं, आणि रात्री झोपण्याआधीचं तुमचं. एवढं आजपासून करा. दिवसातल्या बाकीच्या वेळेसाठी ब्युरोतून बाईऐवजी मामा मिळतो का बघा, किंवा गावातला एखादा होतकरू मुलगा शिकवून तयार करा.

पाठ लाल झाली, ते मात्र खरंच गांभीर्याने घ्या. बहिणीचं निदान बरोबर आहे, आरोप चुकीचा आहे. लाल जागेवर बोट दाबून सोडा. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिली, तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. तिथे चोळायचं नाही, स्पिरिट नाही, पावडर थापायची नाही, मध्ये भोक असलेली रबरी रिंग ठेवायची नाही, तिने उलट रक्त तुटतं. करायचं एकच, त्या जागेवरचा भार काढायचा. दर दोन तासांनी कूस बदलायची, डावी, पाठ, उजवी, आणि त्या लाल जागेवर शक्यतो झोपवायचंच नाही. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटरीखाली उशी. एअर बेड आणा, पण एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं सुटत नाही. जखम उघडली, काळी पडली, वास आला, तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि हे दर दोन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा. आता सांगा, त्या बाईची कंबर का दुखणार नाही आणि डोकं ठिकाणावर कसं राहील? साठ-सत्तर किलोचा माणूस एकटीने ओढायचा नसतोच. पलंगावर आबांच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत येईल अशी एक आडवी चादर दुहेरी घालून ठेवा. सरकवायचं असेल तेव्हा दोघांनी दोन बाजूंनी त्या चादरीच्या कडा आबांच्या अंगाजवळ गुंडाळून धरायच्या आणि एकदम उचलून सरकवायचं. ओढत न्यायचं नाही, ओढण्याने कातडी सोलवटते. एकटंच माणूस असेल तर उचलायचं नाही, गुडघा दुमडून खांद्याला आणि कमरेला धरून आपल्याकडे वळवायचं. लुळ्या हाताला धरून तर कधीच ओढू नका, खांदा निखळतो आणि मग रात्रभर कण्हणं सुरू होतं. पलंग तुमच्या कमरेच्या उंचीला पाहिजे. आबा आत्ता जमिनीवरच्या गादीवर असतील तर आधी तो पलंग बदला, मिरजेत दवाखान्यातले पलंग भाड्याने मिळतात. वहिनींच्या कमरेचं अर्धं औषध तेच आहे.

लघवीच्या नळीबद्दल डॉक्टरांना एक प्रश्न विचारा : ही अजून लागतेच का? पुष्कळदा वॉर्डात सोयीसाठी घातलेली नळी तशीच घरी येते, कुणी काढायला सांगत नाही, आणि जितके दिवस ती राहील तितका संसर्गाचा धोका वाढत जातो. पुरुषांना बाहेरून लावायची कंडोम कॅथेटर असते, ती चालेल का तेही विचारा. नळी राहणारच असेल तर पिशवी कायम कमरेच्या खाली टांगलेली, पण जमिनीला न टेकलेली. वळवताना ती आबांच्या अंगावर ठेवू नका. लघवी गढूळ झाली, थांबली, थंडी वाजून ताप आला, तर वाट बघू नका.

जेवण बसवूनच. निजून पाजलेलं पाणी फुप्फुसात जातं. भरवून झाल्यावर अर्धा तास तसंच टेकून बसवायचं. पातळ पाण्याने ठसका लागतो आणि दाट पेज जाते असं असेल तर डॉक्टरांना सांगा, ती महत्त्वाची खूण आहे.

हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात राहिलं तर तो माणूस घर सोडू शकत नाही. तुम्ही बागेच्या फवारण्यांची वही ठेवता ना, कुठलं औषध, कधी, किती, तशीच आबांची वही घाला. गोळ्या, बीपी, किती वाजता कुठल्या कुशीवर, संडास झाली का, पिशवीत किती. पलंगाला टांगून ठेवा. मग चाकणहून आलेला भाऊ ती वाचून काम हातात घेऊ शकेल. त्याला ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणायला जागा उरणार नाही.

आता माहेरचं. त्यांना जाऊ द्या. तुम्ही ‘माहेरी जाते म्हणते’ असं धमकीसारखं लिहिलंय. मला ती रजेची मागणी वाटते. दिवाळी तोंडावर आहे. भाऊबीजेला तुमची बहीण तुमच्याकडे येईल, तिला ओवाळणी मिळेल, आणि त्या दिवशी वहिनी चुलीपाशी असतील. त्यांनाही भाऊ असेलच की. त्यांना पाडव्यालाच माहेरी पोचवा आणि आठ दिवस आणू नका. मधे फोन करून ‘ती मलमाची ट्यूब कुठे आहे’ असं विचारायचं नाही, ट्यूब शोधायची. त्या आठ दिवसांत मोठा भाऊ रजा काढून घरी राहील आणि बहीण किमान तीन रात्री राहील. कंपनी रजा देत नाही असं भाऊ म्हणेल. लग्नकार्याला मिळते, याला का मिळणार नाही? रात्री दोनला उठून वडिलांची कूस बदलली की बहीण पुढच्या रविवारी वेगळ्या आवाजात बोलेल. आणि हे एकदाच नाही. दर महिन्याला काही दिवस ठरलेले, वहीत लिहिलेले. भाऊ येऊ शकत नसेल तर त्या दिवसांच्या माणसाचे पैसे त्याने द्यायचे, नेहमीच्या रकमेच्या वर. शिवणकाम बुडालंय त्याचे पैसेही त्या हिशोबात धरा आणि ते वहिनींच्या खात्यात जाऊ द्या. यावर घरात कुरबुर होईल. होऊ दे.

सरकारकडून काय मिळतं ते थोडक्यात. आबा सत्तरीच्या वर आहेत, म्हणजे २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेलं आयुष्मान वय वंदना कार्ड त्यांना उत्पन्नाची अट न लावता निघतं, आधारवर. योजनेतल्या रुग्णालयात ॲडमिट झाल्यास वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. पण ते ॲडमिट झाल्यावरच. घरचा पलंग, डायपर, मामा, वहिनींची झोप, यातलं काहीही त्यात येत नाही. अवस्था स्थिरावली की दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सिव्हिलला न्या, यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे, आणि त्यात पैसे घेऊन वा न घेता काळजी घेणारे आई-वडील, घरचे लोक स्पष्ट धरलेले आहेत. जास्त आधार लागणाऱ्यांना काळजीवाहक भत्ता द्यावा असंही त्यात आहे. केरळात अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्याला महिना ६०० रुपये देणारी ‘आश्वासकिरणम’ योजना आहे. रक्कम डायपरच्या दोन पाकिटांची म्हणा, पण निदान कुणाच्या तरी नावावर जमा होते. तुमचं गणित अशा भत्त्यावर बसवू नका. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना साहित्यासाठी एकदा ३,००० रुपये मिळतात, उत्पन्नाची मर्यादा दोन लाख. कमोडची खुर्ची त्यात येते. बागायतदाराला ते बसेल की नाही, तुमचा दाखला बघून ठरवा.

याहून उपयोगाचं, आणि कुणी न मागितलेलं, तुमच्या उपकेंद्रात आहे. उपकेंद्रालाच आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, त्याच्या सेवांत वृद्धांची आणि खिळलेल्या रुग्णांची देखभाल धरलेली आहे. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला भेटा, आशाताईंना सांगा, ‘आमच्या घरी खिळलेला पेशंट आहे, नाव लिहून घ्या, घरी येऊन बीपी आणि पाठ बघा.’ मागणाऱ्याकडे आधी जातात, हे मी सांगायला नको. केरळात २००८ च्या धोरणानंतर पंचायतीच्या नर्स घरी जातात, तमिळनाडूत २०२१ पासून फिजिओथेरपी दाराशी जाते. तिथल्या लोकांनी ते मागून मागूनच मिळवलं असणार. आणि आशाताईंशी बोलताना आवाज खाली ठेवा, त्यांच्याही घरी एखादे आबा असतात.

ओरडण्याबद्दल. खूप दिवस नीट न झोपलेलं माणूस ओरडतं. ओरडून झाल्यावर त्या रडल्या, म्हणजे त्यांना ते लागलंय. पण हा इशारा आहे, तो हलका घेऊ नका. ओरडण्यावरून हिसका देण्यावर, जेवण टाळण्यावर गोष्ट जाऊ शकते, चांगल्या घरांतही जाते. तसं दिसलं तर त्या घडीला काम त्यांच्या हातून घ्या, बोल लावत बसू नका. त्यांना स्वतःला दवाखान्यात न्या, बीपी बघा, रक्त तपासा, झोपेचं विचारा. ‘जगून काय करायचं’ अशा अर्थाचं काही त्या बोलल्या असतील तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आबांचंही असंच. झटक्यानंतर तीनातल्या एकाला तरी नैराश्य येतं. जेवण ढकलणं, उगाच रडणं हे ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

गावातल्या नावाजण्याचं म्हणाल, तर त्यात वहिनींना गोड लागण्यासारखं काय आहे? नावाजणारा चहा पिऊन जातो, कपबशी धुवायची वाढते. नावाजणाऱ्यांना सांगा, काकू, पुढच्या मंगळवारी तासभर आबांजवळ बसाल का, ती बँकेत जाऊन येईल. चारातल्या एक-दोघी खरंच बसतात.

वृद्धाश्रमाची लाज वाटायचं कारण नाही, पण बहुतेक ठिकाणी चालता-फिरता माणूसच घेतात. खिळलेला पेशंट घेणारं ठिकाण सापडलंच तर रात्री जाऊन बघा. किती पेशंटमागे किती माणसं आहेत ते मोजा, दोन-तीन जणांच्या पाठी बघायला मागा. दाखवायला कां-कूं केलं तर परत फिरा. माझं मत विचाराल तर आधी वर सांगितलेली वाटणी चार महिने करून बघा. तरीही घर पेलत नसेल, तर नेऊन ठेवा आणि कुणाला उत्तर देत बसू नका. वहिनींना मात्र या वेळी विचारा.

राहिलं झाडपाल्याचं. झटक्यानंतर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत शरीर आपणहून सर्वांत जास्त सावरतं, त्यामुळे त्या काळात जे काही दिलं जातं त्याला फुकटचं श्रेय मिळतं. पोटात घ्यायचं काही देऊ नका. बीपीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करायला तिथे सांगितलं तर उठून या. दुसरा झटका असाच येतो. तोंड नव्याने वाकडं झालं, दुसरा हात ढिला पडला, तर १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्यातला तासभर रस्त्यातच जातो. जे पैसे त्या गावाला जाण्या-येण्यात घालवणार, ते फिजिओथेरपिस्टला द्या, म्हणजे तो तुम्हाला आणि भावाला हातपाय हलवून घ्यायला शिकवेल. तेल लावायचंच असेल तर हलक्या हाताने लावा, पाठीच्या लाल जागेवर नाही, आणि एका पायाची पोटरी दुसऱ्यापेक्षा सुजलेली, गरम लागत असेल तर तिथेही नाही. ती आधी डॉक्टरांना दाखवा, आत गुठळी असू शकते.